बोयीची उडी

ठाण्याच्या खाडीत ओहोटी लागून दोन-अडीच तास झाले की ऐरोलीच्या बाजूचे पाणी तिवरांच्या मुळांपासून मागे सरते आणि उरलेल्या उथळ पट्ट्यात बोयी उड्या मारू लागतात. हातभर लांबीचा चंदेरी मासा पाण्यातून सरळ वर येतो, हवेतच कुशीवर कलतो आणि आडवा पडतो. थोडा वेळ काही नाही, मग वीसेक पावलांवर दुसरा. मी या खाडीकाठी बावीस वर्षे राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, तरीही ही उडी म्हणजे माशाचा खेळ असेच मी बराच काळ धरून चालले होते. विद्यार्थ्यांनी विचारल्यावर "खेळतात ते" असे उत्तर दिल्याचेही मला आठवते. ते उत्तर मी पुरेसा विचार न करता दिले होते, आणि ते दुरुस्त करावे म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

आपण ज्याला बोय किंवा बोई म्हणतो आणि गोव्याकडे ज्याला शेवटा म्हणतात, त्या एका नावाखाली खरे तर अनेक जाती येतात. त्यांतली सर्वांत मोठी आणि जगभर पसरलेली जात म्हणजे मुगिल सेफालस. लिनियसने १७५८ साली तिला हे नाव दिले. त्यातला दुसरा शब्द डोके या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, आणि मासा हातात घेतला की त्याचे कारण लगेच कळते, कारण तिचे डोके वरून दाबल्यासारखे रुंद व सपाट असते. पाठ निळसर-हिरवट, कुशी चंदेरी, खवल्यांच्या ओळींवरून डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या पुसट गडद रेघा, आणि पाठीवर एकमेकांपासून दूर असलेले दोन पर, त्यांपैकी पुढच्यात फक्त चार काटे. डोळ्यावर चरबीचा पारदर्शक पडदा असतो आणि बाहुलीपुरती उभी फट तेवढी मोकळी राहते. बाजारात इतर बोयींमधून ही जात ओळखायची असेल तर मी आधी हा पडदा पाहते. आपल्याकडच्या बाकीच्या बहुतेक जातींत तो इतका ठळक नसतो. अनेक माशांच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी एक रेषा दिसते, ती मात्र कोणत्याही बोयीवर दिसत नाही.

जास्तीत जास्त सुमारे १२० सेंटीमीटर आणि आठ किलोपर्यंत वाढलेल्या बोयींच्या नोंदी आहेत, पण आपल्या खाडीत हातभर बोय मिळाली तरी ती मोठीच मानली जाते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ४२ अंशांपर्यंतच्या जवळजवळ सर्व उबदार किनाऱ्यांवर हा मासा आढळतो. मात्र अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासांवरून असे दिसते की इतक्या विस्तृत प्रदेशात पसरलेली ही एकच जात नसून दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या झालेल्या अनेक जातींचा तो समूह असावा.

बोयीचे खरे वैशिष्ट्य तिच्या पोटात आहे, आणि ते मला प्रयोगशाळेत नव्हे, स्वयंपाकघरात समजले. बोय साफ करताना आतडी बाहेर काढली की त्यांच्याबरोबर सुपारीएवढी एक टणक, मांसल गाठ हाताला लागते. तो जठराचाच भाग आहे. त्याच्या भिंती जाड स्नायूंच्या असतात आणि धान्य खाणाऱ्या पक्ष्याच्या पेषणीसारखे त्याचे काम चालते. गाठ कापली तर आत करडा, बारीक गाळ निघतो. या गाठीच्या पुढचे आतडे वेटोळ्यावर वेटोळे घातलेले, माशाच्या लांबीच्या कित्येक पट. इतके लांब आतडे म्हणजे कमी पोषणाचे, पचायला अवघड अन्न भरपूर प्रमाणात खाणाऱ्या प्राण्याची खूण. जिताड्यासारख्या शिकारी माशाचे आतडे या तुलनेत अगदी आखूड असते.

बोय चिखल खाते, असे लोक म्हणतात. ते अर्धे खरे आहे. ती तोंडाने गाळाचा वरचा पातळ थर उचलते, कल्ल्यांवरच्या दाट काट्यांच्या आणि घशातल्या गाळणीसारख्या अवयवाच्या साहाय्याने तो चाळते, जाड कण कल्ल्यांतून बाहेर टाकते आणि बारीक कण तेवढे गिळते, कारण सेंद्रिय अंश बारीक कणांनाच अधिक चिकटलेला असतो. तिला हवे असतात ते डायाटम, म्हणजे सिलिकेच्या कवचात राहणारी एकपेशीय शैवले, त्यांच्याबरोबरचे जिवाणू आणि कुजणारा पालापाचोळा. गिळलेली बारीक वाळू गाठीत जात्याचे काम करते आणि त्या कवचांचा चुरा होतो. तिवरांच्या रानात ओहोटीच्या वेळी, विशेषतः ऊन असताना, चिखलाच्या पृष्ठभागावर सोनेरी-तपकिरी साय धरलेली आपण पाहतो, ती याच डायाटमांची. उजेड मिळावा म्हणून ते गाळातून वर सरकतात आणि पाणी परत येण्याच्या सुमारास पुन्हा आत जातात. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी येणारे छोटे रोहित पक्षीही याच सूक्ष्म शैवलांवर पोसतात. लोक रोहित पाहायला दुर्बिणी घेऊन येतात, त्या पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाणी चढल्यावर त्याच चिखलावर, त्याच अन्नासाठी बोयींचा थवा चरत असतो, हे त्या दुर्बिणींना दिसत नाही.

पोट उघडल्यावर आतले अस्तर काळेभोर दिसते आणि पुष्कळ गृहिणी ते पाहून मासा घाण पाण्यातला म्हणून बाजूला ठेवतात. ते अस्तर बोयीला जन्मतःच असते. शैवलांवर जगणाऱ्या अनेक माशांत असा काळा पडदा आढळतो; तो बोटाने खरवडून टाकला की झाले. मातकट वासाची गोष्ट वेगळी आहे. साचलेल्या तळ्यातल्या माशाच्या चरबीत जिओस्मिन नावाचे द्रव्य उतरते, आणि पहिल्या पावसात जमिनीचा जो वास आपल्याला इतका आवडतो त्याचे कारणही हेच द्रव्य आहे. मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून मासा अर्धा तास ठेवला तर तो वास बराच कमी होतो. मला स्वतःला वाहत्या खाडीतली, ताजी, तव्यावर तळलेली बोय पापलेटाइतकीच आवडते, आणि तिला बाजारात मिळणारी खालची जागा अन्यायाची वाटते.

आता थव्याकडे येते. दिवाळे गावाच्या बाजूला पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकणारे एक वयस्कर काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी मला भरती-ओहोटीचा हिशेब शिकवला: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. खाडीच्या आत, ऐरोली-ठाण्याकडे, ती थोडी उशिरा पोचते. बोयीचे सगळे दिवसमान या हिशेबावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबई बंदरात पाणी साडेचार मीटरच्या वर चढते तेव्हा बोयी तिवरांच्या आतपर्यंत, एरवी दहा-दहा दिवस कोरड्या राहणाऱ्या चिखलापर्यंत जाऊन चरतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत पाणी अर्ध्यावरच थांबते आणि थवे मुख्य पात्राच्या कडेकडेने राहतात. काका पाण्यावरच्या बारीक थरथरीवरून थवा कुठे आहे ते ओळखतात. पागाचा घेर पूर्ण उघडून तो थव्याच्या पुढच्या अंगाला पडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. त्याचे कारण विचारल्यावर ते म्हणाले, "पुढची बोय जोरकस असते, बाई. पाठची दमलेली असते, ती वर वर राहते." तेव्हा मी ते अनुभवी माणसाचे बोलणे म्हणून ऐकून घेतले. पुढे वाचताना लक्षात आले की याच गोष्टीवर शास्त्रज्ञांनी मोजमापे केलेली आहेत.

मासे थव्याने का राहतात याची नेहमीची उत्तरे आपल्याला माहीत असतात. अनेक डोळ्यांना शत्रू लवकर दिसतो, शिकाऱ्याला एक लक्ष्य धरून ठेवता येत नाही, आणि हजारांत आपला नंबर लागण्याची शक्यता कमी होते. परंतु थव्यात राहण्याची किंमतही असते. १९६७ साली मॅकफार्लंड आणि मॉस या अमेरिकी संशोधकांनी याच जातीच्या मोठ्या थव्यांच्या पुढे आणि मागे पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजला, तेव्हा पुढच्या टोकापासून मागच्या टोकाकडे तो कमी होत गेलेला आढळला. पुढच्या माशांनी श्वास घेऊन सोडलेले पाणी मागच्यांच्या वाट्याला येते, आणि थवा जितका मोठा व दाट तितकी ही घट अधिक. मागच्या भागात माशांची रचना विस्कळीत होऊन ते पृष्ठभागाशी खळबळ करू लागतात, असेही त्यांनी नोंदवले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मागे राहण्याचा फायदाही आहे. बोयीच्याच कुळातल्या, युरोपच्या किनाऱ्यावरील सोनेरी बोयीवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जास्त ते मासे थव्याच्या पुढे राहताना आढळले, आणि मागे पोहणाऱ्यांना तोच वेग राखण्यासाठी शेपटी कमी वेळा हलवावी लागत होती. म्हणजे पुढच्याला ताजे पाणी आणि चरायला न चरलेला चिखल मिळतो, पण कष्ट अधिक पडतात. मागच्याचे कष्ट वाचतात, पण त्याला वापरलेले पाणी मिळते. काकांच्या एका वाक्यात यातले बरेचसे आले होते, आणि ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायला हवे होते.

ठाण्याच्या खाडीत ही प्राणवायूची गोष्ट फार महत्त्वाची ठरते. पाणी जितके उष्ण आणि खारट तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, हा साधा भौतिक नियम आहे. त्यात खाडीच्या दोन्ही काठांच्या शहरांचे सांडपाणी येऊन मिळते. त्यातला सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायूही खर्च करतात. ओहोटीला पाणी थोडे, संथ आणि तापलेले असते, आणि भरतीबरोबर येणारे समुद्राचे ताजे पाणी अजून दूर असते. अशा वेळी थव्याच्या मागच्या अंगाला असलेल्या बोयीने काय करावे?

एक उपाय म्हणजे पृष्ठभागाला तोंड लावून, हवेला टेकलेला अगदी वरचा पातळ थर कल्ल्यांवरून नेणे, कारण हवेतून विरघळणारा प्राणवायू आधी तिथे येतो. बोयी हे करतात, आणि संथ पाण्यावर त्यांच्या ओठांच्या शेकडो बारीक खळ्या दिसतात. पण वर येणे धोक्याचे असते. राखी बगळा काठावर उभा असतो आणि ब्राह्मणी घार वरून फिरत असते. प्रयोगशाळेत कमी प्राणवायूच्या पाण्यात ठेवलेल्या बोयींना पक्ष्याची आकृती दाखवली, तेव्हा त्यांनी वर येणे लांबवले किंवा आडोशाखाली जाऊन तिथे वर आल्या, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात नोंदवले आहे. गुदमरणे आणि पक्ष्याच्या चोचीत जाणे यांमधला हा हिशेब तो मासा सतत करत असतो.

दुसरा उपाय म्हणजे उडी. एका अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये असा विचार मांडला की बोय उडी मारताना तोंडामागच्या, कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीत हवा भरून घेते आणि ती हवा घेऊन पुन्हा तळाशी जाते. जुन्या काळी पाणबुडे जशी हवा भरलेली घंटा पाण्यात उतरवून तिच्या आधाराने काम करीत, तशीच ही शरीरातली घंटा. तळाचा गाळ चाळताना तोंड चिखलाने भरलेले असते, तिथल्या पाण्यात प्राणवायू नसल्यात जमा असतो, आणि ही साठवलेली हवा तेवढ्या वेळापुरती उपयोगी पडते. पाण्यातला प्राणवायू जितका कमी तितक्या उड्या जास्त, हे त्यांचे निरीक्षण या विचाराला आधार देते. हा अजून अंदाज आहे, सिद्धान्त नव्हे. उडीने अंगावरचे परजीवी झटकले जात असावेत असेही काही जण मानतात. पण उडीचे दोन प्रकार असतात, हे मी आता डोळ्यांनी ओळखू शकते. मागे जिताडा लागला असेल तर एकाच वेळी पाच-सहा बोयी, वेगाने, बाणासारख्या निघतात आणि डोके खाली करून स्वच्छ पाण्यात शिरतात. एरवीची उडी एकट्या माशाची, संथ, कुशीवर कलणारी असते आणि ती थप्प आवाज करून संपते. मी ज्याला खेळ म्हणत होते ती ही दुसरी उडी.

या माशाचे आयुष्य खाडीत सुरू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. बोय अंडी घालते ती उघड्या समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, थव्याने जाऊन. मादी तिच्या आकारमानानुसार पाच लाखांपासून वीस लाखांहून अधिक अंडी सोडते; एकेक अंडे जेमतेम मिलिमीटरभराचे, आत तेलाचा एक थेंब, त्यामुळे ते तरंगत राहते. उबदार पाण्यात साधारण दोन दिवसांत पिल्लू बाहेर येते. सुरुवातीला ते प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी खाते. दीड-दोन सेंटीमीटरचे झाले की आपल्या वयाच्या पिल्लांच्या झुंडीने किनाऱ्याकडे व खाडीच्या तोंडाशी येते, आणि त्यानंतर हळूहळू तळाचे अन्न घेऊ लागते. चार ते सात सेंटीमीटरच्या सुमारास त्याच्या शरीरातली क्षारांचे संतुलन राखणारी यंत्रणा पूर्ण तयार होते, आणि मग गोड्या पाण्यापासून समुद्राच्या दुपटीइतक्या खाऱ्या पाण्यापर्यंत ते कुठेही राहू शकते. पावसाळ्यात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात मिठागरांच्या कडेला ते समुद्राहून खारट होते. बोय दोन्ही ठिकाणी दिसते. तीन-चार वर्षांनी ती प्रौढ झाली की पुन्हा समुद्राची वाट धरते. गोड्या पाण्यात अडकून राहिलेल्या बोयीच्या अंडाशयाची वाढ पूर्ण होत नाही आणि ती प्रजनन करत नाही.

यामुळे खाडीत दिसणारी प्रत्येक बोय केव्हातरी समुद्रातून आत आलेली असते, आणि तिचा रस्ता मोकळा असला तरच पुढची येणार असते. खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींचे बांध आणि त्यांतल्या उघाड्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारे, ज्यांनी बांधली, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. उघाडी कधी उघडायची आणि कधी लावायची, यावर भात टिकायचे आणि तळ्यात बोयीची, कोळंबीची पिल्लेही यायची. मी ऐरोलीत आले तेव्हा आमच्या वसाहतीमागच्या नाल्यात भरतीबरोबर बोटभर पिल्लांच्या झुंडी शिरताना मी पाहिल्या आहेत. पुढे त्या नाल्याच्या तोंडाशी भराव पडला. पाणी अजूनही पाझरून आत येते, पण मासे येत नाहीत, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर मी तिथे जाऊन पाहते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने बोयीचे बंदिस्त प्रजनन साधले आहे आणि त्याने तळ्यांत मासे वाढवणाऱ्यांची सोय होईल. त्या नाल्यात मात्र पिल्ले भरतीनेच यायला हवीत.

गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी भरलेली बोय मिळाली की काका ती मला न विकता स्वतःच्या घरी नेतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. इटलीपासून तैवान-जपानपर्यंत बोयीची गाभोळी खारवून, दाबून, वाळवून विकतात आणि ती फार महाग असते. आपल्याकडे ती ताजी, हळद-मीठ लावून तळून घरच्यांतच संपते.

माझ्याकडे येणाऱ्या बोयीच्या डोक्यातून मी एक वस्तू मात्र काढून ठेवते. कवटीच्या मागच्या भागात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे खडे असतात. त्यांना कर्णाश्म म्हणतात. ऐकणे आणि तोल सांभाळणे ही त्यांची कामे. ते चुन्याच्या थरांनी आयुष्यभर वाढत राहतात आणि एकदा बसलेला थर पुन्हा विरघळत नाही, म्हणून माशाचे वय त्यांच्या पट्ट्यांवरून मोजतात. एवढेच नव्हे, तर समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा स्ट्रॉन्शियम जास्त असल्यामुळे ते कोणत्या थरात किती आहे यावरून मासा कोणत्या वयात समुद्रात होता आणि कोणत्या वयात खाडीत शिरला हेही सुसज्ज प्रयोगशाळेत वाचता येते. आमच्या महाविद्यालयात तेवढी साधने नाहीत. साधा सूक्ष्मदर्शक आहे.

गेल्या महिन्यात मी अशा खड्यांची एक काडेपेटी बारावीच्या वर्गात नेली. एक खडा पाण्याच्या थेंबात, काळ्या कागदावर, बाजूने उजेड पाडून ठेवला आणि मुलांना एकामागून एक पाहायला सांगितले. मधला गाभा सगळ्यांना दिसला. पहिला पांढरा पट्टाही सगळ्यांनी सारखाच मोजला. त्याच्या पुढे काहींना दोन पट्टे दिसले, काहींना तीन, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी सूक्ष्मदर्शकाभोवतीचा घोळका हलला नाही.